अहवाल बिघडतो तो सुईपाशी

रक्ताचा अहवाल चुकला की आपण यंत्राला दोष देतो. पण प्रयोगशाळांतल्या चुकांपैकी मोठा वाटा नमुना यंत्रापाशी पोहोचण्याआधीच घडलेला असतो, हे देशोदेशीच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सकाळी सकाळी घरोघरी उपाशीपोटीचं रक्त घेत फिरणाऱ्या फ्लेबोटॉमिस्टच्या हातावर म्हणूनच बरंच काही अवलंबून असतं. दंडाचा पट्टा मिनिटाहून जास्त वेळ आवळलेला राहिला, तर शिरेतलं रक्त दाट होऊन प्रथिनं आणि कॅल्शियम वाढलेलं दिसू शकतं. सिरिंज जोरात ओढली किंवा ट्यूब खळखळून हलवली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच चढतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला तेवढ्यावरून रुग्णालय गाठावं लागू शकतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए दुसऱ्या ट्यूबमध्ये उतरलं, तरी पोटॅशियम वाढतं आणि कॅल्शियम घटतं. निळी ट्यूब आधी, मग लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी आणि शेवटी करडी, हा क्रम त्यासाठीच ठरलेला आहे. साध्या ट्यूबमधल्या रक्तातली साखर तर पेशी वेगळ्या होईपर्यंत ताशी सुमारे 5 ते 7 टक्के घटत राहते. लिंक रोडवर अडकलेल्या पेटीत मधुमेह सौम्य भासू लागतो!

सर्वांत घातक चूक मात्र नावाची. एकाच घरात नवरा-बायको दोघांचं रक्त घेतलं आणि लेबलं जिन्यात चिकटवली, तर अदलाबदल कुणाच्याही लक्षात येणार नाही. नाव रुग्णाकडूनच वदवून घ्यावं, लेबल त्याच्यासमोर लावावं. आणि सुई? तिला पुन्हा टोपण लावायचं नाही. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती पांढऱ्या, न भेदता येणाऱ्या डब्यात जायला हवी. सोसायटीच्या कचऱ्यात ती पडली, तर सफाई कामगाराच्या हातात घुसते.

यावर लॅबचालक म्हणतील, इतका वेळ द्यायचा तर दर वाढतील. थोडे वाढतीलही. पण चुकीच्या आकड्यावर दिलेलं औषध आणि पुन्हा करावी लागणारी चाचणी यांचा खर्च शेवटी रुग्णच सोसतो. लोकांनाच लोकल पकडायची घाई असते, हा दुसरा आक्षेप खरा आहे. तरीही एका सकाळी किती घरं घ्यायची हे रक्त घेणारी मुलं-मुली ठरवत नाहीत, लॅब ठरवते. त्यामुळे दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. मुंबई महापालिकेने 2022मध्ये सुरू केलेल्या 'आपला दवाखान्यां'मुळे चाचण्या गरिबांपर्यंत मोफत पोहोचल्या, हे मोठंच काम. आता त्याच नेटाने रक्त घेणाऱ्यांचं प्रशिक्षण, हातमोजे आणि हिपॅटायटिस बीची लस यांकडे पाहायला हवं.

घरभेटींची संख्या लॅबनी कमी करावी. आणि वाचकांनो, सवलत विचारण्याआधी ट्यूबवर तुमचं नाव तुमच्यासमोर लागलं का, एवढं बघा.