गवंड्याचे पैसे अडवण्याआधी

हल्ली आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला हुरडा पार्टीसाठी शेतात उघड्यावर स्वयंपाकाचा ओटा बांधायची टूम निघाली आहे. लोखंडी सांगाडा, त्यावर सिमेंट बोर्ड, वरून गिलावा. दिसतो झकास! पण पहिल्याच उन्हाळ्यात बोर्डांच्या सांध्यावर सरळ रेघ उमटते आणि मालक गवंड्याचे राहिलेले पैसे अडवतो.

माझ्या मते दोष बहुतेक वेळा मालकाच्या घाईचा असतो. ऊन-पावसाने बोर्ड थोडे हलतातच. म्हणून सांध्यात बारीक फट ठेवून ती भरावी लागते, वर काचतंतूची जाळी लावावी लागते. तीही सिमेंटच्या क्षाराला टिकणारी हवी. गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारायला हवे. "पाहुणे रविवारी येणार" म्हटल्यावर गवंडी बिचारा काय करणार?

आपल्या आज्या चूल शेणामातीने पुन्हा पुन्हा सारवत. माती तडकणारच, हे त्यांनी धरलेलेच असे. सिमेंट मात्र एकदा लावले की विसरायचे, असे आपण समजतो.

तेव्हा मंडळी, मजुरी अडवण्याआधी स्वतःला विचारा : जाळीला पैसे आणि पाण्याला दिवस, आपण दिले होते का?