दोरीच्या आत, दोरीच्या बाहेर

आमची भाची पुण्याला संख्याशास्त्र शिकते. बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष. पदवी पदरात पडायला अजून चार श्रेयांक हवे होते. (आमच्या वेळी नुसते मार्क असत. आता श्रेयांक आले; नापास होण्याची सोय मात्र तशीच आहे!) त्यासाठी पुढच्या सत्रात दोहोंपैकी एक विषय घ्यायचा : विमागणित की नमुना-पाहणी? हा पेच घेऊन बाईसाहेब ऐन दिवाळीत माझ्यापुढे बसल्या. जो मामा दहावीला गणितात काठावर पास झाला, त्याच्यापुढे!

मी वडीलकीच्या थाटात सांगून टाकले, "विमागणित घे. त्याच्या पुढच्या परीक्षा कठीण, पण पगार भक्कम."

तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, चकली मोडता मोडता थांबले. "विम्याचे नाव काढू नका," म्हणाले. त्यांचे सोयाबीन गेल्या वर्षी पाण्यात उभे कुजले आणि पीकविम्याचा छदामही हाती आला नाही. महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरवलेल्या आकड्याच्या वर निघाले होते. "अहो, माझ्या शेतात मोजायला कोणी फिरकलेच नाही!"

"फिरकणारच नव्हते, बाबा," भाची म्हणाली. "त्यांना तुमचे शेत मोजायचे नव्हते. मंडळ मोजायचे होते."

मग तिने समजावले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मंडळातली मोजकी शेते निवडायची. प्रत्येकात दोरीने एक तुकडा आखायचा. त्यातले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. त्यावरून साऱ्या मंडळाचा आकडा ठरतो.

"आणि दोरी किती लांब घ्यायची, यावर मोठा वाद झालेला आहे," ती म्हणाली. एका बाजूला बंगालचे प्रशांतचंद्र महालनोबिस. ते लहान तुकड्यांच्या पक्षाचे. दुसऱ्या बाजूला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले आपले पां. वा. सुखात्मे. लहान तुकड्यात उत्पन्न फुगून दिसते, हे सुखात्म्यांनी चाळिशीच्या दशकात शेतांत कापणी करून दाखवले. कारण अगदी साधे. दोरीवर आलेले रोप आतले की बाहेरचे? माणसाचा हात ते आत ओढतो. एक मीटरच्या चौरसात एका चौरस मीटरमागे चार मीटर दोरी येते. दहा बाय पाचच्या तुकड्यात अवघी साठ सेंटिमीटर. जितकी दोरी जास्त, तितकी अशी रोपे जास्त. आणि चूक एकाच दिशेची असली, की तुकडे हजार घेतले तरी ती सरासरीतून जात नाही.

मला वाटत होते, आकडेशास्त्र म्हणजे आकडे हाती आल्यानंतरची कसरत. आकडा कुणाच्या शेतातून आणि कुणाच्या हातून येतो, इथून ते सुरू होते हे या वयात कळले.

दाजी बराच वेळ गप्प होते. "म्हणजे उत्पन्न फुगले की भरपाई आटली."

"हो. पण तुमच्या मंडळात तसेच झाले, असे मी म्हणत नाही. दोरी बिनचूक असेल, तरीही सरासरीत एकट्याचे शेत बुडू शकते."

"मग एकट्याचे कोण मोजणार?"

यावर भाचीपाशी उत्तर नव्हते. तिने मोबाइल काढला आणि अर्ज तिथेच भरला : नमुना-पाहणी. मी माझा सल्ला चकलीबरोबर गिळला.

दाजी डोकावून बघत होते. म्हणाले, "याचे पुस्तक मराठीत मिळते का गं?"