खंडाचा हिशेब आणि लेखणी

विचारवंताने समाजाशी बांधिलकी मानावी काय, हा वाद आपल्याकडे संमेलनांतच अधिक रंगतो. वस्तुतः रायगड किनाऱ्याने त्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो सहा वर्षे चालला. त्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली ‘कृषीवल’ काढले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. अर्थशास्त्राचा हा पंडित ग्रंथांपाशी थांबला नाही. कायदा मात्र व्हावयास १९४९ साल उजाडले.

त्याच किनाऱ्यावर, मुरूड तालुक्यातील आगरदांड्यास आज निराळा हिशेब मांडावयाचा आहे. येथील धक्का दिघी बंदराचाच भाग. ते २०२१ साली अदानी समूहाकडे आले. किती टन माल उतरला, हे कंपनीच्या अहवालात छापून येईल. जहाजांची वाट सोडून कोळ्याने जाळे कोठे टाकावे, हे कोणी छापावयाचे? कोकणावरील ललित लेखनात नारळी-पोफळी पुष्कळ आल्या (खंड क्वचितच आला). हे काम येथल्या कथाकारांना, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही जमण्यासारखे आहे. त्यासाठी मासळीच्या लिलावाला वेळेवर उभे राहावे लागेल, इतकेच.