पालकांचे समाधान नेमके काय मोजते?

ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेच्या, एनएचएसच्या ‘कॅम्स’मध्ये, म्हणजे मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेत, पालकांच्या हाती अनेकदा एक प्रश्नावली पडते. म्हणणे ऐकून घेतले का, वागणूक नीट मिळाली का, भेटीची वेळ सोयीची होती का, अशी १२ विधाने. उत्तरे चांगली आली की सेवाही चांगली, असे धरले जाते. ते घाईचे आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर १९९०च्या दशकात सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून सैनिकांच्या मुलांसाठी मानसिक आरोग्याची सर्वांगीण सेवा उभारली होती. लिओनार्ड बिकमन यांच्या पथकाने तिची तुलना इतर तळांवरच्या नेहमीच्या सेवेशी केली. नव्या सेवेत मदत सहज मिळत होती, पालक अधिक खूश होते. मुले मात्र काही अधिक बरी झाली नाहीत, आणि खर्च वाढला तो वेगळाच. पालक गुण देतात ते आपल्याला मिळालेल्या वागणुकीला. त्यातही प्रश्नावली भरतात ते शेवटपर्यंत टिकलेले. प्रतीक्षा यादीत अडकलेले किंवा दोन भेटींनंतर यायचे थांबलेले त्यात सहसा नसतात.

मग पालकांना विचारायचेच कशाला? कारण मूल तिथवर पोचते ते बहुधा पालकांमुळे, आणि पालक दुखावले की उपचारही तुटतात. म्हणून पालकांचे उत्तर हवेच, फक्त ते खरे हवे. डॉक्टरांना नावे कशी ठेवायची, या संकोचापायी आपल्यातले बरेच जण सगळीकडे ‘उत्तम’वर खूण करून मोकळे होतात. (घरी परतताना गाडीत मात्र वेगळेच बोलतात.) काय सुधारावे, हे लिहायला शेवटी मोकळी जागा असते, खरे तर तीच आधी भरावी.

‘मुलगी आत काय बोलते ते आम्हाला सांगतच नाहीत’ ही तक्रार आपल्याकडे हमखास ऐकू येते, आणि तिथे गुण कापलेही जातात. तक्रारीमागची काळजी खरी आहे. पण इंग्लंडमध्ये १६ वर्षांची मुलगी स्वतःच्या उपचारांना स्वतः संमती देऊ शकते, आणि बोललेले सगळे घरी पोचणार असेल तर ती बोलणार नाही. अशा वेळी पालकांची नाराजी हे सेवा नीट चालल्याचेही लक्षण असू शकते. म्हणून मुलांचे म्हणणेही वेगळे कळायला हवे; ९ ते ११ आणि १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेतही. त्या मुलांनाच भरू द्याव्यात, मागे उभे न राहता.