कार्ड फॉरमॅट करण्याआधी थांबा

लग्नसराई सरत आली की कर्जत, नेरळ, खोपोलीच्या स्टुडिओंमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘फाइल करप्ट झालीय, आता काही होणार नाही.’ समोरचं कुटुंब हिरमुसतं आणि नुसता अल्बम घेऊन घरी जातं. मी याच भागात लग्नाचं, जत्रेचं, शाळेच्या गॅदरिंगचं एडिटिंग करतो. माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य फार लवकर उच्चारलं जातं. पुष्कळदा चित्रीकरण कार्डावर शाबूत असतं. त्याची खरी वाट लागते ती नंतर घाईघाईत केलेल्या उद्योगांनी.

मे महिन्यात दुपार कलली की माथेरानच्या डोंगरावर ढग जमतात, वळवाचा पाऊस सुटतो आणि लाइट जाते. स्टेजसमोरचा कॅमेरा तासन्‌तास चालायचा म्हणून ॲडॅप्टरवर लावलेला असतो. जनरेटर सुरू होईपर्यंत तो बंद पडतो, आणि नेमकी तेव्हाच मंगलाष्टकं चालू असतात.

एमपी४ फाइलमध्ये चित्र आणि आवाजाचा सगळा ऐवज एका भागात असतो, त्याला ‘एमडॅट’ म्हणतात. कोणती फ्रेम कुठे आहे, किती वेळ दिसायची, हा हिशेब ‘मूव’ नावाच्या दुसऱ्या भागात. बहुतेक कॅमेरे हा हिशेब रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहितात. वीज गेली की तो लिहायचा राहतो. दुकान मालाने भरलेलं, पण खातेवही कोरी, अशी त्या फाइलची गत होते.

मध्यंतरी खालापूर तालुक्यातल्या एका आगरी कुटुंबातला मुलगा असंच कार्ड घेऊन आला. भावाच्या लग्नाची फाइल होती. ‘दादा, धवळे आमच्या आजीने म्हटलेत. ती धवलारीण होती. आता ती नाही,’ एवढंच तो म्हणाला. धवळे म्हणजे लग्नविधीची गाणी, आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. आधी मी कार्डाच्या कडेची बारीक कळ लॉकवर सरकवली, म्हणजे त्यावर नवं काही लिहिलं जाऊ नये. मग पूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर केलं. फाइलचा आकार काही जीबी भरत होता, म्हणजे आशा होती. एडिटिंग सॉफ्टवेअर ती घ्यायला तयार नव्हतं. एफएफएमपेग या साधनाने मात्र कारण नेमकं सांगितलं : मूव ॲटम नॉट फाउंड, म्हणजे हिशेबाचा भागच सापडत नाही.

मग त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगला घेतलेली एक धड क्लिप मागवली. अनट्रंक हे मोफत साधन अशा धड क्लिपचा नमुना घेऊन मोडक्या फाइलचा हिशेब नव्याने मांडतं. फाइल उघडली. आवाज चित्राच्या किंचित मागे होता, तो टाइमलाइनवर सरकवून जुळवला. मांडवाच्या खांबाला टेकून, डोळे मिटून म्हटलेले धवळे, मध्येच पाण्याचा घोट, आणि पुन्हा त्याच पट्टीत उचललेली पुढची ओळ. हे कुठल्या पुस्तकात मिळणार? लाइट गेली त्या क्षणापर्यंतचं जवळपास सगळं हाती लागलं.

सगळ्याच फाइली अशा मोडलेल्याही नसतात. पाहुण्याच्या मोबाइलवरची क्लिप टाइमलाइनवर घेतली की आवाज पुढेमागे होतो, कारण मोबाइल फ्रेमचा वेग कमीजास्त करत राहतो. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एकसारख्या वेगाने काढली की काम भागतं. जुन्या पीसीला एचईव्हीसी फॉरमॅटमधला व्हिडिओ झेपत नाही. कधी सॉफ्टवेअरची मीडिया कॅश शिळी झालेली असते, कधी डिस्कचं ड्राइव्ह लेटर बदललेलं असतं आणि लाल पट्टीवर ‘मीडिया ऑफलाइन’ झळकतं. फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये नीट वाजली तर बहुधा दोष फाइलचा नसतोच. चुकून फॉरमॅट झालेल्या कार्डातूनही फोटोरेक हे साधन बरंच बाहेर काढतं. पण त्याच कार्डावर दुसऱ्या दिवशीची ऑर्डर शूट केली, तर जिथे नवं लिहिलं गेलं तिथलं जुनं कायमचं गेलं. बनावट कार्ड क्षमतेपेक्षा जास्त आकडा दाखवतं. त्याच्या मर्यादेपलीकडचं चित्रीकरण मुळात साठलेलंच नसतं, तिथे कोणीही काही करू शकत नाही.

याच भागात, चौक गावाजवळ, कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभारला, म्हणजे सिनेमावाल्यांची शिस्त आम्हाला परकी नाही. आजच्या मोठ्या चित्रपटांच्या युनिटमध्ये कार्ड उतरवणं आणि प्रती तपासणं एवढ्यासाठीच एक माणूस नेमलेला असतो. त्यांचा सीन पुन्हा घेता येतो, तरी ही काळजी. सप्तपदी पुन्हा घेता येत नाही. मग आमच्या धंद्यात दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग, ॲडॅप्टरला यूपीएस, आणि दोन डिस्कवर प्रती उतरवून त्या उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट नाही, एवढं तरी ठरलेलं हवं. फार्महाउसच्या लग्नात फुलांवर जो खर्च होतो त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे. ऑर्डरच्या पावतीवर हे छापा. गिऱ्हाइकानेही नुसत्या एडिट केलेल्या फिल्मवर समाधान मानू नये, मूळ फुटेज हक्काने मागून घ्यावं.

आणि हे फक्त लग्नांपुरतं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते, ५७ माणसं बेपत्ता होती. वाडी इर्शाळगडाच्या वाटेवरच असल्याने ट्रेकर तिथूनच वर जायचे, घरांचे, अंगणांचे व्हिडिओ घ्यायचे. ते आता त्या वाडीचे कागदपत्र आहेत. त्यांतले काही जुन्या कार्डांत, बंद मोबाइलमध्ये, न उघडणाऱ्या फाइलींत पडून असतील. दरड कोसळण्याआधी तुम्ही त्या वाटेवर कधी कॅमेरा चालवला असेल, तर ते कार्ड शोधा. उघडलं नाही तरी फॉरमॅट करू नका, जाणकाराकडे द्या. आणि जे निघेल त्याची एक प्रत वाडीतल्या वाचलेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचवा.