आजारी दिवसाची मजुरी कोण भरून देणार?

जनावरांची निगा राखण्याचे काम अक्कलकोट तालुक्याला नवे नाही. कानडी मुलखाला लागून असलेल्या या भागात कारहुणवीच्या सणाआधी बैलांची शिंगे साळून रंगवली जातात, कामाच्या बैलांना पत्री मारली जाते आणि धनगरांच्या वाड्यांवर मेंढरांची लोकर कातरली जाते. घरातल्या कुत्र्यामांजरांना न्हाऊ घालणे, त्यांचे केस विंचरणे व कापणे आणि नखे काढणे हा ‘पेट ग्रूमिंग’ नावाने शहरांतून आलेला व्यवसाय म्हणजे याच कामांत पडलेली नवी भर होय. तो थोड्या भांडवलात घराच्या एका खोलीत सुरू करता येतो आणि कामाची वेळ स्वतःला ठरवता येते. त्यामुळे दीर्घकालीन आजार, म्हणजे मुळापासून बरा न होणारा पण औषधांनी आटोक्यात राहणारा आजार, असलेल्या व्यक्तीला तो सोयीचा वाटतो. मात्र ही सोय किती खरी आहे, हे त्या कामाकडे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आमवात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते असा आजार, हे त्याचे बोलके उदाहरण आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटी-तिपटीने आढळणारा हा आजार बहुधा प्रथम बोटांचे आणि मनगटाचे लहान सांधे धरतो, आणि ग्रूमिंगचा सगळा भार नेमका त्याच सांध्यांवर पडतो. लांब केसांच्या कुत्र्याला पाणी लावण्यापूर्वी त्याच्या केसांतील जटा सोडवाव्या लागतात, कारण भिजलेली जट आणखी आवळते. त्यासाठी एका हाताने जटेचे मूळ कातडीजवळ घट्ट धरून दुसऱ्या हाताने टोकाकडून थोडे थोडे विंचरत यावे लागते. अंघोळीनंतर केस थेट मुळापर्यंत वाळवावे लागतात, कारण आत ओल राहिली तर कातडी चिघळते. हे सर्व चालू असताना अंग झटकणारे जनावर सांभाळण्याचा ताण मनगटावर सतत येत राहतो.

वेळेचा पेच याहून अवघड आहे. आमवाताच्या रुग्णाचे सांधे सकाळी तासभर किंवा त्याहून अधिक वेळ आखडलेले असतात आणि दिवस चढेल तसे मोकळे होतात, तर सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे गेल्यावर कुत्र्याला रस्त्यावरून चालवत आणण्याजोगी वेळ म्हणजे भल्या सकाळची. कारागिराचे हात ज्या वेळी चालतात त्या वेळी जनावर बाहेर काढता येत नाही, आणि जनावर ज्या वेळी आणता येते त्या वेळी हात चालत नाहीत. उरते ती संध्याकाळ. म्हणून अशा व्यवसायात गिऱ्हाईक येईल तसे घेण्याऐवजी वेळ आधी ठरवून, लांब केसांची जनावरे मोजकीच घेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

औषधांचाही विचार करावा लागतो. या आजारात सामान्यतः आठवड्यातून एकदा दिले जाणारे मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्तीला लगाम घालते. त्यामुळे कुत्र्यामांजरांकडून माणसाला होणारे गजकर्ण किंवा नखाच्या ओरखड्यातून होणारा संसर्ग अशा रुग्णाला अधिक त्रासदायक ठरू शकतो. जनावराच्या लसीकरणाची नोंद पाहिल्याशिवाय काम न घेणे, हातमोजे वापरणे आणि रेबीजची प्रतिबंधक लस स्वतः आधीच टोचून घेण्याबाबत डॉक्टरांशी बोलणे ही पथ्ये औषधाइतकीच महत्त्वाची आहेत. मधुमेह असलेल्याला न भरणाऱ्या जखमेची, तर दमा असलेल्याला केसांबरोबर उडणाऱ्या कोंड्याची अशीच काळजी घ्यावी लागते.

इथवरच्या गोष्टी व्यक्तीच्या हातात आहेत. पुढची मात्र नाही. सांधे सुजलेल्या दिवशी दुकान बंद राहते, सुमारे ४० किलोमीटरवरील सोलापूरला तपासणीसाठी गेल्यास तोही दिवस बुडतो, आणि या दिवसांची मजुरी कोणीही भरून देत नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद केली. परंतु स्वतःच स्वतःचा मालक असलेला कारागीर तिच्या कक्षेबाहेर राहिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत सिकलसेल, पार्किन्सन असे आजार आले. आमवात, दमा आणि मधुमेह यांना स्वतंत्र स्थान मिळाले नाही. राज्याच्या आरोग्य योजनेचा पहिला टप्पा २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत सोलापूर होता, आणि आज महात्मा फुले जन आरोग्य योजना या नावाने ती हजारो कुटुंबांना आधार देते; पण ती प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते, बुडालेल्या कमाईचा नाही.

उपाय अगदी नवा नाही. नेदरलँड्समध्ये २००६ पासून स्वयंरोजगार करणारे लोक २० ते ५० जणांचे गट करून दरमहा पैसे बाजूला टाकतात आणि आजारी पडलेल्या सभासदाला दोन वर्षांपर्यंत मासिक मदत देतात. त्यांना तेथे ‘ब्रोडफोन्ड्स’, म्हणजे भाकरीचा निधी, म्हणतात. बचत गट गावोगावी रुजलेल्या महाराष्ट्रात असा आजारनिधी उभा करणे अशक्य नाही. तथापि लहान गटाची ताकद मर्यादित असते आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजाराचा भार तो एकटा पेलू शकत नाही, म्हणून शासनाचा वाटा अटळ आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५ ने असंघटित कामगारांना राज्य विम्याचे लाभ देणारी योजना आखण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. तो वापरून स्वयंरोजगार करणाऱ्यांना परवडेल अशा वर्गणीत आजारपणाचा भत्ता सुरू करावा, आणि त्यात दीर्घकालीन आजाराचे अधूनमधून येणारे वाईट दिवसही मोजले जावेत. दाखल होण्याइतके आजारी नसलेले आणि काम करण्याइतके बरेही नसलेले हे दिवसच छोटा धंदा बुडवतात. त्यांना संरक्षण दिल्याशिवाय आजारी माणसाला स्वयंरोजगाराचा सल्ला देणे अन्यायाचे आहे.