वाटले तेच वाचले

श्रीलंकेतील जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय १९८१ मध्ये जाळण्यात आले, तेव्हा सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि त्यांच्यासोबत जुनी ताडपत्रे भस्मसात झाली. ज्याची एकच प्रत तिथे होती ते कायमचे गेले. ज्याच्या प्रती मद्रासला, कोलंबोला किंवा कुणाच्या घरच्या कपाटात होत्या ते उरले. म्हणूनच प्रकाशन आणि जतन ही दोन वेगळी कामे आहेत, असे मला वाटत नाही. तमिळ साहित्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांची कामे पाहिली की हे स्पष्ट दिसते.

उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) कुंभकोणमच्या कॉलेजात तमिळ शिकवत. १८८० मध्ये सेलम रामस्वामी मुदलियारांनी त्यांचे लक्ष ‘जीवक चिंतामणी’ या जुन्या जैन महाकाव्याकडे वेधले. मग गावोगाव फिरून पोथ्या मिळवणे, पाठभेद ताडून पाहणे, जैन मताचा उलगडा व्हावा म्हणून जैन जाणकारांकडे जाणे, असा क्रम सुरू झाला. ‘चिंतामणी’ १८८७ मध्ये छापून निघाले, १८९२ मध्ये ‘शिलप्पदिकारम’, १८९४ मध्ये ‘पुरनानूरु’, १८९८ मध्ये ‘मणिमेखलै’. जाफन्याचे सी. वै. दामोदरम पिळ्ळै त्याच काळात हेच काम करत होते. पोथ्या नुसत्या जमवून पेटीत ठेवल्या असत्या, तर वाळवीने आपले काम केलेच असते.

संगणकाने या कामाचे स्वरूप बदलले, मर्म तेच राहिले. १९९८ च्या पोंगलला स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ के. कल्याणसुंदरम यांच्या पुढाकाराने ‘प्रोजेक्ट मदुरै’ सुरू झाला. एका स्वयंसेवकाने ग्रंथ टंकलिखित करायचा, दुसऱ्याने मुद्रिते तपासायची आणि तो सर्वांना फुकट द्यायचा. पाने स्कॅन करण्याची सोय असताना हे कष्ट कशाला, असे कुणी विचारेल. पण स्कॅन हे चित्र असते. त्यात शब्द शोधता येत नाही, त्यातून नवी आवृत्ती सहज निघत नाही. डिजिटल मजकूरही नाशवंतच, हा आक्षेप मात्र खरा आहे. ‘प्रोजेक्ट मदुरै’चे सुरुवातीचे ग्रंथ ‘टिस्की’ या संकेतपद्धतीत होते; ते युनिकोडमध्ये आणले गेले म्हणून आज सहज वाचता येतात. म्हणजे ताडपत्राची जशी नवी नक्कल करावी लागे, तशी इथेही करावी लागतेच.

फुकट वाटल्याने लेखकाचे पोट मारले जाते, ही तक्रार हयात लेखकांपुरती रास्त आहे. पण त्यावर तमिळनाडूने तोडगा काढला आहे: लेखनाचे हक्क सरकारने मोबदला देऊन घ्यायचे आणि ते सर्वांना खुले करायचे. कवी सुब्रह्मण्य भारतींच्या लेखनाचे हक्क तेव्हाच्या मद्रास सरकारने १९४९ मध्ये घेतले होते. एकट्याच्या ध्यासावर असे काम किती दिवस चालणार, हा प्रश्न अधिक अवघड. कोट्टैयूरच्या रोजा मुथय्या चेट्टियारांनी आयुष्यभर जमवलेला तमिळ ग्रंथांचा संग्रह त्यांच्या १९९२ मधील निधनानंतर विखुरला नाही, कारण शिकागो विद्यापीठाने तो विकत घेतला आणि त्याचे ग्रंथालय चेन्नईतच उभे राहिले. ध्यासाला संस्था वेळेवर भेटली पाहिजे.

मराठीलाही हेच लागू आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आहेत, मोडीतली दप्तरे आहेत. त्यांची छायाचित्रे पुरेशी नाहीत. मोडी वाचणाऱ्यांना पगार देऊन या दप्तरांचे देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे, ते दुसऱ्या जाणकाराकडून तपासावे आणि सर्वांना खुले करावे. हा खर्च महाराष्ट्र सरकारने उचलावा.